पुण्यातील नारळ, त्याचे प्रकाशसंश्लेषण आणि उत्पन्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रभात रस्त्यावरील जुन्या बंगल्यांच्या परसापासून सिंहगड रस्त्यावरील नव्या सोसायट्यांपर्यंत आणि पुढे इंदापूर-बारामतीकडील कालव्याखालच्या बांधांपर्यंत, पुण्याच्या परिसरात नारळाची झाडे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी विचारले जाणारे प्रश्न मात्र बहुतेक वेळा एकाच तक्रारीची निरनिराळी रूपे असतात : झाड उंच वाढले, हिरवेही दिसते, पण नारळ हवे तितके लागत नाहीत. वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात नोकरीची बरीच वर्षे गेल्यामुळे मी या तक्रारीकडे खताच्या गोणीपेक्षा पानाच्या बाजूने पाहतो, आणि खालील उत्तरेही त्याच बाजूने दिलेली आहेत.

नारळाच्या उत्पन्नाचा प्रकाशसंश्लेषणाशी नेमका काय संबंध आहे? खत आणि पाणी यांवरच सगळे अवलंबून नसते का?

खत आणि पाणी लागतेच, पण नारळाच्या सोडणात, करवंटीत आणि खोबऱ्यात जो कोरडा पदार्थ असतो, त्याचा फार मोठा भाग खतातून येत नाही. तो हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून पानात तयार झालेल्या साखरेतून येतो. खोबऱ्याचे प्रकरण तर अधिकच खर्चिक आहे, कारण त्यात तेल असते. एक ग्रॅम ग्लुकोजपासून वनस्पतीला सुमारे ०.८ ग्रॅम स्टार्च किंवा काष्ठतंतू बनवता येतात, पण तेल बनवायचे झाल्यास त्याच एका ग्रॅमपासून जेमतेम ०.३३ ग्रॅम हाती लागते.

हिशेब करून पाहू. एका नारळातून सुमारे १५० ग्रॅम सुके खोबरे निघाले आणि त्यात ६५ टक्के तेल धरले, तर ते तेल ९७ ते ९८ ग्रॅम भरते, आणि तेवढ्या तेलासाठी झाडाला सुमारे ३०० ग्रॅम साखर खर्चावी लागते. वर्षाला ८० नारळ देणाऱ्या झाडाची नुसती तेलापोटीची साखर २४ किलो होते. सोडण, करवंटी, नवी पाने, मुळे आणि खोडाचा रोजचा श्वसनाचा खर्च यात धरलेलाच नाही. ही सगळी साखर शेंड्यावरील तीस-पस्तीस झावळ्या बनवतात. त्यामुळे झाडाला नारळ कमी का लागले, या प्रश्नाचा अर्थ बहुधा एवढाच असतो की झावळ्यांनी साखर कमी का बनवली, किंवा बनवलेली साखर दुसरीकडे कोठे खर्च झाली.

पुण्यात ऊन तर भरपूर असते. मग कोकणातल्या माडाइतके नारळ येथे का येत नाहीत?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तरही सर्वांत लांब आहे.

उन्हाच्या बाबतीत पुणे उणे नाही. नारळाला वर्षाकाठी सुमारे २,००० तास आणि महिन्याला किमान १२० तास ऊन असावे असा सर्वमान्य निकष आहे. जुलै-ऑगस्टमधील भरलेल्या आभाळाचे दिवस वगळता पुण्याला तो सहज पूर्ण करता येतो, आणि त्या दोन महिन्यांतील ढग कोकणातही असतातच. अक्षांशही सोयीचा आहे : नारळाचा मुख्य पट्टा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना २० अंशांपर्यंत मानला जातो आणि पुणे १८.५ अंशांवर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंची ही थोडी अडचणीची बाब आहे, पण तीही निर्णायक नाही.

खरी अडचण हवेच्या कोरडेपणाची आहे. पानात कार्बन डायऑक्साइड शिरतो तो पर्णरंध्रांतून, आणि त्याच रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. रंध्र उघडे ठेवले तर साखर बनते पण पाणी जाते. मिटले तर पाणी वाचते पण साखर थांबते. हवा किती तहानलेली आहे हे बाष्पदाबाच्या तुटीवरून मोजतात. समुद्रकाठी ३२ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या दुपारी ही तूट सुमारे १.७ किलोपास्कल भरते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असली, तर तीच तूट सुमारे ५.३ किलोपास्कलवर जाते, म्हणजे तिपटीहून अधिक. आळ्यात पाणी असले तरी मुळे आणि खोड इतक्या वेगाने ते वर पोहोचवू शकत नाहीत. झाड रंध्रे मिटून घेते आणि डोक्यावर रणरणते ऊन असताना पाने जवळजवळ रिकामी बसतात. पुण्याच्या नारळाला उन्हाची वाण नाही. वाण आहे ती उघड्या रंध्रांच्या तासांची.

यात पावसाच्या वाटपाची भर पडते. नारळाला वर्षभर विभागून १,३०० ते २,३०० मिलिमीटर पाऊस मानवतो. पुणे शहरात सरासरीने साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आटोपतो. कोकणातील पाऊसही चार महिन्यांचाच असतो, हे खरे. पण तेथील हवा उरलेल्या आठ महिन्यांत इतकी कोरडी होत नाही.

उन्हाळ्यात दुपारी पाती मिटल्यासारखी दिसतात. हा रोग आहे का?

नाही. नारळाच्या झावळीच्या प्रत्येक पात्याला मधोमध हीर असतो आणि त्याच्या बाजूला असलेल्या विशिष्ट पेशींतील पाणी कमी झाले की पात्याच्या दोन्ही कडा खाली वळून एकमेकींकडे येतात. पर्णरंध्रे पात्याच्या खालच्या बाजूलाच असल्यामुळे अशा घडीने ती आडोशाला जातात आणि वरच्या बाजूवर पडणारे ऊनही कमी होते. आमच्या इमारतीच्या गच्चीला समांतर अशी एक झावळी आली आहे, त्यामुळे हे मला हाताच्या अंतरावरून पाहता येते : सकाळी आठला पाती पसरट असतात, दुपारी दोनला ती छपरासारखी उतरती होतात, आणि सायंकाळी सहाच्या सुमारास पुन्हा उघडू लागतात. सकाळी सूर्य वर येण्यापूर्वीही पाती मिटलेलीच दिसली, तर मात्र रात्रभरात झाडाची तहान भागलेली नाही असे समजावे आणि पाणी वाढवावे.

ऊस पुणे जिल्ह्यात इतका जोमाने वाढतो. नारळ का नाही?

दोन्ही उष्ण प्रदेशातील पिके असली तरी त्यांच्या पानांतील यंत्रणा वेगळी आहे. ऊस सी-४ प्रकारचा आहे आणि नारळ सी-३ प्रकारचा; हवेतील कार्बन पकडण्याच्या दोन पद्धतींची ही नावे आहेत. कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर (एन्झाइम) थोडे गोंधळलेले असते : ते कार्बन डायऑक्साइडऐवजी मधूनमधून ऑक्सिजनच पकडते, आणि मग त्या चुकीची भरपाई करण्यात पानाने आधी कमावलेला कार्बन काही प्रमाणात परत हवेत जातो. यालाच प्रकाशश्वसन म्हणतात. सी-३ वनस्पतींमध्ये २५ अंशांच्या आसपासही कमाईचा सुमारे चौथा हिस्सा असा वाया जाऊ शकतो, आणि तापमान चढेल तसे हे नुकसान वाढते. उसाने रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइड कोंडून ठेवण्याची व्यवस्था केलेली असल्यामुळे ही गळती त्याला फारशी लागत नाही, आणि रंध्रे अर्धवट मिटलेली असतानाही त्याचे काम चालू राहते.

आकड्यांत सांगायचे तर नारळाच्या पानाचा प्रकाशसंश्लेषणाचा वेग दर चौरस मीटरला दर सेकंदाला साधारण ६ ते १४ मायक्रोमोल असतो, तर अनुकूल स्थितीतील उसाचे कोवळे पान ३०च्या पुढे जाते. नारळाची बाजू सावरते ती वेगाने नव्हे, सातत्याने. उसाला दरवर्षी तोडणीनंतर पान नव्याने उभे करावे लागते; नारळाचा शेंडा बाराही महिने उघडा असतो आणि एकेक झावळी उमलल्यानंतर अडीच-तीन वर्षे कामावर राहते.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी झावळ्या छाटल्याने झाड “हलके” होते आणि नारळ अधिक लागतात, हे खरे आहे का?

हे खरे नाही, आणि पुण्यातील सोसायट्यांमध्ये नारळाचे सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते.

पूर्ण वाढलेल्या झाडावर ३० ते ४० उघड्या झावळ्या असतात आणि चांगल्या स्थितीत वर्षाला सुमारे १२ नव्या येतात. आंबा किंवा कडुलिंब छाटला तर तो बाजूने फुटतो; नारळाला बाजूचा डोळाच नसतो. शेंड्यातील एकच कोंब महिन्याला साधारण एक या गतीने नवी झावळी देतो, त्यामुळे एका दिवसात कापलेल्या पंधरा झावळ्या भरून यायला सव्वा वर्ष लागते. तोपर्यंत झाड अर्ध्या कारखान्यावर संसार चालवते. शिवाय प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा, असते. खालची हिरवी झावळी कापली की तिच्या आधारावर टेकलेला घोस लोंबकळतो, देठापाशी मुडपतो आणि नारळ पक्व होण्याआधी गळतात.

खालच्या झावळ्या सावलीत असतात, त्या काय उपयोगाच्या, असाही युक्तिवाद केला जातो. लागोपाठच्या दोन झावळ्यांत सुमारे १४० अंशांचे अंतर असते, त्यामुळे एकीच्या बरोबर वर दुसरी येत नाही आणि फटींमधून ऊन खालपर्यंत झिरपते. वरच्या झावळीला भर दुपारी मिळणारे ऊन तिच्या गरजेपेक्षा अधिक असते. खालची झावळी त्यातले उरलेले वापरते. म्हातारी झावळी आपल्यातील पालाश (पोटॅशियम), नत्र (नायट्रोजन) आणि मॅग्नेशियम काढून वर पाठवते आणि मगच वाळते. ती पूर्ण तपकिरी होऊन लोंबू लागली की खुशाल काढावी.

काही वर्षांपूर्वी आमच्याच आवारात एका ठेकेदाराने सहा झाडे अशी “स्वच्छ” केली की शेंड्यावर उभ्या केरसुणीसारख्या सात-आठ झावळ्या उरल्या. व्यवस्थापन समितीला काम नीटनेटके वाटले. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या झाडांवरून देवाला वाहण्यापुरतेही नारळ उतरले नाहीत. खाली उभ्या केलेल्या मोटारींची आणि माणसांची काळजी असेल, तर नारळ आणि वाळक्या झावळ्या वर्षातून तीन-चार वेळा उतरवून घ्याव्यात. हिरव्या झावळीला हात लावण्याचे कारण नाही.

यंदा पाणी आणि खत दोन्ही व्यवस्थित दिले, तरी फळ नाही. असे का?

कारण यंदाचे फळ यंदाच्या पाण्यावर ठरलेले नसते. पोयीचा पहिला अंकुर शेंड्याच्या गाभ्यात तयार होतो तो ती पोय उमलण्याच्या सुमारे ३२ महिने आधी, आणि उमलल्यानंतर नारळ पक्व व्हायला आणखी ११ ते १२ महिने लागतात. एकूण साधारण ४४ महिने, म्हणजे पावणेचार वर्षे. या मार्चमध्ये जी पोय उमलेल, तिचा अंकुर पावणेतीन वर्षांपूर्वीच्या जुलैत धरलेला असतो, आणि तिचे नारळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाती येतात.

या लांबलचक प्रवासात झाडाची साखर केव्हाही अपुरी पडली तरी त्याची खूण उमटते. ती कोणती, हे वेळेवर अवलंबून असते. पोय घडत असताना टंचाई आली तर मादीफुले कमी धरतात, उमलण्याच्या तोंडावर आली तर पोय आतल्या आत सुकते, उमलल्यानंतर आली तर बोंडे गळतात आणि फळ भरताना आली तर खोबरे पातळ राहते. म्हणूनच एका कडक उन्हाळ्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षे दिसत राहतो, आणि या वर्षी सुरू केलेल्या निगराणीचे फळही तितक्याच उशिरा दिसते. नेमके याच मधल्या काळात कंटाळून लोक खत बंद करतात.

थोडी बोंडगळ मात्र स्वाभाविक आहे. पोयीवरील सगळी मादीफुले कधीच फळाला जात नाहीत. साधारण तिसरा हिस्सा टिकला तरी ठीक समजावे.

पुण्याच्या थंडीचा परिणाम किती होतो?

नारळाला वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आणि दिवस-रात्रीतील फरक पाच ते सात अंशांचाच असावा लागतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या जवळ येते, काही वर्षी त्याच्याही खाली जाते, आणि दुपारी ते २८-३० अंशांवर असते. थंड रात्रीनंतर सकाळी पानातील विकरे मंद असतात, पण ऊन लख्ख असते. पकडलेली प्रकाशऊर्जा वापरता न आल्यामुळे हरितद्रव्याच्या यंत्रणेवर ताण येतो आणि सकाळचे चांगले तास वाया जातात. दुपारी गाडी रुळावर येते, पण नव्या झावळ्यांची गती मंदावते. खुल्या माळावरील झाडापेक्षा इमारतींच्या कुशीतील झाड हिवाळा बरा काढते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. सिमेंटच्या भिंतींनी दिवसभर साठवलेली ऊब रात्री त्याला मिळते.

बुंध्यात मीठ टाकावे का?

कोकणात लागवडीच्या खड्ड्यात मीठ टाकण्याची जुनी रीत आहे आणि तिला शास्त्रीय आधार आहे, मात्र तो बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा वेगळा आहे. नारळ हे क्लोरीनची विशेष गरज असलेले पीक आहे. पर्णरंध्र उघडताना त्याच्या कडेच्या दोन रक्षकपेशींत पालाश शिरतो आणि त्याच्यासोबत ऋणभाराचा एक जोडीदार लागतो. अनेक वनस्पती तो जोडीदार पेशीतच तयार करतात. नारळ त्यासाठी प्रामुख्याने क्लोराइडवर विसंबतो. क्लोराइड कमी पडले की रंध्रे नीट उघडत नाहीत आणि कोरड्या हवेत वेळेवर मिटतही नाहीत. समुद्रकाठी वाऱ्याबरोबर येणारे क्षार ही गरज भागवतात, पुण्यात समुद्र नाही.

तरीही पुण्याच्या काळ्या जमिनीत स्वयंपाकाचे मीठ टाकू नये, असेच माझे मत आहे. मिठातील सोडियम चिकणमातीचे कण विस्कटतो, जमीन चोपण होते आणि पाणी मुरेनासे होते. म्युरेट ऑफ पोटॅश या खतात पालाश आणि क्लोराइड हे दोन्ही एकत्र मिळतात आणि सोडियमचा उपद्रव टळतो. रंध्राला लागणारी जोडी एकाच गोणीत मिळत असताना मिठाच्या वाटेला जाण्याची गरज नाही.

मग खत किती द्यावे?

कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेची पूर्ण वाढलेल्या झाडासाठीची सर्वसाधारण शिफारस वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १,२०० ग्रॅम पालाश अशी आहे. गोणीच्या भाषेत ती सुमारे १.१ किलो युरिया, २ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश भरते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशी कोकणच्या जमिनीसाठी आहेत, त्या यापेक्षा काही बाबतींत वेगळ्या आहेत. पालाश नत्राच्या दुपटीहून अधिक आहे, हे लक्षात घ्यावे. पुण्यात बहुतेक जण याच्या उलट करतात, कारण युरियाने झाड लवकर हिरवे दिसते. खत दोन-तीन हप्त्यांत, बुंध्याला चिकटून न टाकता सुमारे १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात पसरून द्यावे, आणि सोबत शेणखत असावे.

झावळ्या पिवळ्या पडत आहेत. कशाची कमतरता समजावी?

आधी पिवळेपणा वर आहे की खाली, ते पाहावे. खालच्या जुन्या झावळ्यांची पाती टोकाकडून पिवळी पडत असतील, उन्हात असलेला भाग पिवळा आणि दुसऱ्या पात्याच्या सावलीत असलेला भाग हिरवा अशी सरळ रेघ दिसत असेल, तर मॅग्नेशियम कमी आहे. हरितद्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमच असतो, आणि तो कमी पडला की झाड जुन्या पानातून काढून नव्याला देते. वर्षाला ५०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आळ्यात दिल्याने पुढची पाने सुधारतात. पिवळी झालेली पुन्हा हिरवी होतील अशी अपेक्षा धरू नये. जुन्या पात्यांवर नारिंगी ठिपके आणि करपलेल्या कडा दिसल्या तर ती पालाशाची हाक समजावी.

पिवळेपणा नव्या झावळ्यांत असेल तर पुण्यात संशय चुनखडीवर घ्यावा. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या काळ्या जमिनीत, विशेषतः बांधकामाचा राडारोडा मिसळलेल्या आवारात, सामू (पीएच) वाढलेला असतो. लोह जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी लोहाचे साधे खत ओतण्यापेक्षा आळ्यातील राडारोडा काढून भरपूर शेणखत घालणे अधिक उपयोगी पडते. पानांचे परीक्षण करायचे असेल तर नमुना शेंड्याकडून मोजलेल्या चौदाव्या झावळीच्या मधल्या पात्यांतून घेतात. कोठलेही हाताला लागलेले पाते देऊ नये.

पानांच्या वरच्या बाजूला काजळीसारखा काळा थर बसला आहे. तो काय आहे?

तो रोग पानाच्या आतला नसतो. चक्राकार पांढरी माशी ही कीड भारतात २०१६ मध्ये प्रथम आढळली आणि पुढे दक्षिणेकडून इतरत्र पसरली. ती पात्याच्या खालच्या बाजूला राहून रस शोषते, आणि तिने टाकलेला चिकट गोड स्राव खालच्या झावळीच्या वरच्या पृष्ठावर पडून त्यावर काळी बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, पण पान आणि सूर्य यांच्यामध्ये पडदा टाकते. झाड जिवंत, हिरवे आणि तरीही उपाशी, अशी ही स्थिती असते.

रासायनिक कीटकनाशक फवारण्याची घाई करू नये. या माशीवर जगणारी एनकार्सिया जातीची सूक्ष्म गांधीलमाशी निसर्गतः येते आणि फवारणीने तीच आधी मरते. पाण्याचा जोराचा फवारा पात्यांच्या खालून मारणे, गरज वाटल्यास निंबोळी तेलाची फवारणी करणे, आणि काळ्या थरावर एक टक्का स्टार्चचे पाणी फवारणे हे उपाय पुरेसे असतात. स्टार्च वाळला की त्याच्या पापुद्र्यांबरोबर बुरशीही सुटून पडते. घरातील कपड्यांच्या खळीचा असा उपयोग पाहून पुष्कळांना नवल वाटते.

रस्त्याची आणि बांधकामाची धूळ?

रंध्रे खालच्या बाजूला असल्यामुळे ती धुळीने बुजत नाहीत. वरचा थर प्रकाश मात्र अडवतो. पहिल्या पावसाने तो धुतला जातो. बांधकाम अगदी शेजारी चालू असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एखादे वेळी पाण्याने धुवावे.

पाणी किती आणि कसे द्यावे?

मोठ्या झाडाला उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ५० लिटर हे किमान धरावे. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्याहून अधिक दिल्यास ते वाया जात नाही. नारळाला सोटमूळ नसते. त्याची दोरीसारखी हजारो मुळे बुंध्यापासून सुमारे दोन मीटरच्या आत आणि बहुतांशी वरच्या सव्वा मीटर मातीत असतात. म्हणून पाणी बुंध्यावर ओतण्याऐवजी सगळ्या आळ्याला द्यावे आणि आळे वाळक्या झावळ्या किंवा सोडणांनी झाकावे. सोडणे उताणी, एकाला एक लावून पुरली तर ती स्पंजासारखी पाणी धरतात.

सोसायट्यांतील नारळाचा खरा शत्रू पेव्हर ब्लॉक हा आहे. बुंध्याला टेकवून ब्लॉक बसवले की पाणीही मुरत नाही आणि मुळांना हवाही मिळत नाही. मग वर कितीही ऊन असले तरी रंध्रे मिटलेलीच राहतात. झाडाभोवती किमान दीड-पावणेदोन मीटर माती उघडी ठेवावी. बोअरवेलच्या मचूळ पाण्याची चिंता करण्याचे मात्र कारण नाही. नारळ ते बऱ्याच अंशी सहन करतो.

पुण्यासाठी कोणती जात घ्यावी?

बाणवली किंवा तिच्यातूनच निवडलेली प्रताप. या उंच जाती सहा ते आठ वर्षांनी फळावर येतात, पण कोरडी हवा त्यांना अधिक सोसते. ठेंगण्या जाती तीन-चार वर्षांत शहाळी देतात म्हणून लोक त्यांच्याकडे वळतात. त्यांच्या पानांतून पाणी अधिक जाते आणि पाण्यात खंड पडला की त्या आधी खचतात. रोज पाणी देण्याची खात्री असेल तरच त्या लावाव्यात. संकरित रोपे घेताना मातृवृक्ष उंच आणि पितृवृक्ष ठेंगणा असलेला टी बाय डी (टॉल बाय ड्वार्फ) हा संकर पुण्याच्या हवेला अधिक योग्य ठरतो.

बागेत नारळाखाली आंतरपीक घेतल्यास नारळाचा प्रकाश कमी होतो का?

प्रकाश नारळाला आधी मिळतो, त्यामुळे तो प्रश्न आंतरपिकाचा आहे. साडेसात मीटर अंतरावर हेक्टरी सुमारे १७५ झाडे बसतात. लागवडीनंतर साधारण आठव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत शेंडे खाली आणि दाट असल्याने जमिनीवर सुमारे वीस टक्केच प्रकाश पोहोचतो. पुढे झाडे उंचावतात तसा तो वाढतो आणि चाळिशीच्या सुमारास निम्म्यापर्यंत येतो. म्हणून पहिल्या सात-आठ वर्षांत भाजीपाला, केळी घ्यावीत, मधल्या काळात हळद, आले किंवा सुरण अशी सावली सोसणारी पिके, आणि नंतर पुन्हा केळी. आंतरपिकाच्या पाण्याने आणि बाष्पाने बागेतील हवा थोडी दमट राहते, आणि बारामती-दौंडकडील कोरड्या हवेत हा फायदा लहान नाही.

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत असल्याने नारळाचा फायदा होईल का?

सी-३ वनस्पती असल्यामुळे तत्त्वतः होतो : कार्बन डायऑक्साइड वाढला की रुबिस्कोच्या चुका कमी होतात आणि कमी उघड्या रंध्रांतून तेवढेच काम भागते. बंदिस्त कक्षांतील रोपांवरील प्रयोगांत वाढ आणि पाण्याची काटकसर दोन्ही सुधारलेली दिसली आहेत. पण त्याच प्रयोगांत तापमान वाढवले की वाढ घटते, आणि प्रत्यक्ष हवेत या दोन गोष्टी एकत्रच येतात. पुण्यासारख्या, आधीच उन्हाळ्यात काठावर असलेल्या ठिकाणी मी तरी या फायद्यावर भिस्त ठेवणार नाही.

पुण्यात एका झाडापासून किती नारळांची अपेक्षा ठेवावी, आणि झाड ठीक चालले आहे हे कसे ओळखावे?

कोकणात बाणवलीचे चांगले झाड निगराणीखाली वर्षाला ८० ते १०० नारळ देते. पुण्यात उघडे आळे, नियमित पाणी आणि न छाटलेला शेंडा एवढे जरी सांभाळले, तरी त्याच्या निम्म्याहून पुढे जाणारी झाडे मी पाहिली आहेत.

झाडाची चाल ओळखण्यासाठी खोड वाचावे. प्रत्येक गळलेली झावळी खोडावर एक कडे सोडून जाते. खोडाला नंतर जाडी चढत नाही, त्यामुळे ही कडी पुसली जात नाहीत, आणि खिळे ठोकल्याच्या किंवा चढण्यासाठी पाडलेल्या खाचांच्या जखमाही कधी भरत नाहीत. चांगल्या वर्षी सुमारे बारा कडी उमटतात आणि ती ऐसपैस असतात. पाण्याच्या टंचाईत ती एकमेकांना खेटून येतात आणि तेथे खोड किंचित बारीक होते. आमच्या आवारातील त्या छाटलेल्या सहा झाडांपैकी एकावर, जमिनीपासून पुरुषभर उंचीच्या बऱ्याच वर, अशी खेटलेली कडी आता स्पष्ट दिसतात. त्यांच्या वर पुन्हा बोट मावेल इतके अंतर पडू लागले आहे, आणि गेल्या दिवाळीनंतर त्या झाडावर नऊ नारळांचा एक घोस धरला आहे.